नाना येतो म्हणाले

विमानतळाच्या काचेच्या दारातून बाहेर पडणारी माणसं कोट, स्वेटर, मफलर काढत काढत येत होती. थंडीला कंटाळून आलेली नॉर्वेची, जर्मनीची, इंग्लंडची माणसं. एका बुवाने तर दारातच शर्ट काढून खांद्यावर टाकला. आणि त्या सगळ्यांच्या मधून माझे नाना आले, ते पिशवीतून कानटोपी काढून डोक्यात घालत. आत स्वेटर, वर कोट, गळ्यात मफलर. बाहेर पाटीवर तेवीस अंश लिहिलेले होते.

"नाना, इथं गरम आहे," पाया पडता पडता मी म्हणाले.

"मार्गशीर्ष आहे," नाना म्हणाले.

विषय संपला. त्यांच्या मागून द्वारकाआत्या आली, नानांची धाकटी बहीण. तिने माझ्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली आणि माझ्या मागे उभ्या असलेल्या साडेसहा फुटी माणसाकडे मान वर करून पाहिलं. मोर्टेनने हात जोडले. आत्याने विचारलं, नाव काय म्हणालीस फोनवर? मी सांगितलं. तिने ते दोनदा तोंडात घोळवलं, जमेना, मग म्हणाली, "मोरेश्वर म्हणते मी."

नानांनी त्याच्याकडे पाहिलंच नाही. सामानाच्या गाडीकडे बोट करून मला म्हणाले, "ते ढकलेल का हे?"

ते. गायीचं वासरू असावं तसं, ते. पुढचे नऊ दिवस मोर्टेन माझ्या वडिलांच्या तोंडी नपुंसकलिंगी राहिला. ते उठलं का, ते जेवलं का, ते सारखं हसतं का.

आता हे सगळं कुठून आलं ते सांगते. ही दोन हजार सहा सालची गोष्ट. त्या वर्षी एप्रिलात मी नॉर्वेत मोर्टेनशी रजिस्टर लग्न केलं. आधी नानांना फोन केला होता. लपवून केलं असं मला कुणी म्हणू नये. मी सगळं सांगितलं आणि नाना एवढंच म्हणाले, "बरं." त्यानंतर आठ महिने दर रविवारी आमचा फोन व्हायचा. पाऊस, केळीचे भाव, आत्याचे गुडघे, सगळं निघायचं, पण मोर्टेनचं नाव निघायचं नाही. मी काढलं की नाना म्हणायचे, बरं, ठेवतो. आई तर आधीच गेलेली. भाऊ नाही. आत्याने मला हळूच सांगितलं की नाना म्हणतात, एकदा बघून येईन आणि मग तिचं ती, माझं मी.

म्हणजे माझं माहेर त्या एका भेटीवर टांगलेलं होतं. मला दुसरं काही नको होतं. नानांनी त्याला एकदा, एकदाच, माणसासारखी हाक मारावी, एवढंच मला हवं होतं.

पण भेटायचं कुठं? नाना आमच्या घरी येईनात. मुलीच्या घरचं पाणी प्यायचं नाही. मी म्हटलं, अहो नाना, हे कुठल्या जमान्यातलं? तर बरं, ठेवतो. शेवटी आत्यानेच तोड काढली. तिसऱ्याच गावी भेटा. भाड्याचं घर म्हणजे धर्मशाळा. धर्मशाळेतलं पाणी कुणाचंच नसतं. नानांना हे शास्त्राला धरून वाटलं.

आणि तिसरं गाव शोधायचं काम मी मोर्टेनवर सोपवलं, ही माझी पहिली चूक. आम्ही राहतो तिथं डिसेंबरात सूर्य सकाळी दहाला हजेरी लावतो आणि अडीचला रजा टाकून निघून जातो. त्यामुळे नाताळच्या सुट्टीत तिथला जो तो उठून कॅनरी बेटांवर जातो. आफ्रिकेच्या कडेला स्पेनची बेटं आहेत ती. मोर्टेन म्हणाला, बिचारे म्हातारे लोक, त्यांना जरा ऊन दाखवू. मी म्हटलं, अरे, माझे वडील रावेरचे आहेत, जळगाव जिल्हा, तिथं ऊन माणसाला शोधत घरात येतं. तो म्हणाला, ऊन सगळ्यांनाच आवडतं. असा तो. त्याला एकदा एखादी गोष्ट चांगली वाटली की ती सगळ्या जगाला चांगली वाटणारच, याबद्दल त्याच्या मनात काही शंका राहत नाही.

विमानतळावरून घराकडे जाताना रस्त्याच्या दोन्ही अंगांना केळीच्या बागा लागल्या. रावेर म्हणजे केळी. नाना तिथल्या केळी उत्पादक सोसायटीचे एकतीस वर्षं सेक्रेटरी. त्यांनी काचेतून बाहेर पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. उन्हातून उठून ऊन बघायला आणि केळीतून उठून केळी बघायला आलो, असं ते म्हणाले नाहीत. पण आत्या खुदकन हसली.

पहिले आठ दिवस काय सांगू? समुद्रावर शेकडो गोरी माणसं जेमतेम कपड्यांत वाळूवर पसरलेली, आणि त्यांच्या मधोमध प्लॅस्टिकच्या खुर्चीवर नाना. कोट, मफलर, कानटोपी. पायात मोजे. लोक येता-जाता बघायचे. एका जर्मन बाईने मला विचारलं, आजोबा बरे आहेत ना? मी म्हटलं, त्यांचा मार्गशीर्ष चालू आहे. मोर्टेन रोज त्यांच्यासाठी काहीतरी आणायचा. टरबुजाची फोड, थंड सरबत, पाय ठेवायला छोटं स्टूल. नाना मला म्हणायचे, ते म्हणावं राहू दे. मग तो गेल्यावर पाय स्टुलावर ठेवायचे.

आत्याचं आणि त्याचं मात्र जमलं. तिने गॅसवर वांगी भाजली, घरातला धुराचा भोंगा वाजला, मोर्टेनने खुर्चीवर चढून भोंग्याला ओलं फडकं बांधलं, आणि मग दोघांनी मिळून भरीत खाल्लं. त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि तो आणखी वाढा म्हणत होता. आत्या म्हणाली, पोरगं भरीत खातं म्हणजे खानदानी आहे. नाना भाकरी कुस्करत बसले होते. ऐकू येऊनही न ऐकल्यासारखं करण्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही.

आता नारळाचं सांगायला हवं. सोसायटीत नवं मंडळ निवडून आलं आणि त्यांनी नानांना मुदतीच्या दोन वर्षं आधी घरी बसवलं. सभा घेतली, गोड गोड भाषणं केली, अंगावर शाल घातली आणि हातात नारळ दिला. आपल्याकडे नारळ दिला म्हणजे काय, हे रावेरात शेंबड्या पोरालाही कळतं. नाना शाल आणि नारळ तिथंच टेबलावर ठेवून चालत घरी आले. त्या दिवसापासून आमच्या घरात नारळ बंद. सत्यनारायणाला कलशावर सुपारी. आत्याला चटणीला खोबरं लागलं तर शेजारच्या नारखेड्यांच्या ओट्यावर जाऊन फोडायची आणि पदराखाली झाकून आणायची.

आणि मी काय केलं होतं? त्या वर्षी पावसाळ्यात कधीतरी मोर्टेनला जुना अल्बम दाखवला होता. त्यात नाना कुण्या पाहुण्याला शाल पांघरतायत असा फोटो होता. त्याने विचारलं, हे काय? मी म्हटलं, आमच्यात एखाद्याचा फार मान करायचा असेल तर त्याला शाल आणि नारळ देतात. एवढं बोलून मी पान उलटलं. पुढचं सांगायचं राहिलं. मी विसरले, तो विसरला नाही.

चोवीस तारखेची संध्याकाळ. नॉर्वेच्या लोकांची भेटी देण्याची ती वेळ. आत्याला त्याने गुडघ्याला बांधायचे गरम पट्टे दिले, मला कानातलं दिलं. मग आतून आला तो पांढरा शर्ट घालून, केस ओले करून चापून बसवलेले. हातात घडी घातलेला मोठा टॉवेल, समुद्रावर नेतात तसा, त्यावर हिरवे पोपट. मला वाटलं, नानांना टॉवेल देतोय, ठीक आहे. त्याने तो उलगडला आणि नानांच्या खांद्यांवर पांघरला. तरीही माझ्या डोक्यात उजेड पडला नाही. मग त्याने पाठीमागून दुसरा हात पुढे आणला. त्या हातात नारळ होता. शेंडी-बिंडी नव्हती, दुकानातला तुळतुळीत घासलेला, वर लाल रिबीन बांधलेला.

तो वाकला आणि त्याने नारळ नानांच्या ओंजळीत ठेवला. वर माझ्याकडे बघून हसला, कसं केलं म्हणून.

आत्या म्हणाली, "अगं बाई."

कानटोपीतून नानांचा एवढासा चेहरा दिसत होता, तो आणखी एवढासा झाला. त्यांनी नारळ टीपॉयवर ठेवला, टॉवेल काढला, त्याची चार पदरी घडी केली, तिच्यावर नारळ नीट बसवला आणि आपल्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. मी दाराशी जाऊन सगळं समजावून सांगितलं. मान केला हो नाना तुमचा त्याने. आतून आवाज आला, "बरं."

आणि मी पण अशी गाढव, की सकाळी शांत होतील म्हणून सोडून दिलं.

पंचवीस तारखेला सकाळी आत्याला देवळात जायचं होतं. चर्चमध्ये बाळाचा पाळणा मांडलाय असं तिने कुठूनतरी ऐकलं होतं, आणि बाळ झालंय तर रिकाम्या हाताने कसं जायचं, म्हणून तिने जुन्या साडीचं झबलं रात्रीच हाताने शिवून ठेवलं होतं. आम्ही दोघी गेलो. तिने ते झबलं पाळण्याशी ठेवलं, तिथल्या पाद्र्याने ते उचलून कपाळाला लावलं, ती खूश झाली. साडेअकराला घरी परतलो.

घरासमोर रस्त्यापलीकडे बसचा थांबा होता. छप्पर नाही, झाड नाही, नुसतं एक लोखंडी बाक. त्या बाकावर मोर्टेन ताठ बसला होता, शाळेच्या फोटोला बसतात तसा.

"नाना कुठायत?" मी विचारलं.

"येतो म्हणाले," तो म्हणाला. त्याचा चेहरा नुसता फुलला होता. म्हणाला, दहाला बाहेर आले, माझ्यापाशी थांबले, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, येतो. माझ्याशी बोलले ते. पहिल्यांदा.

मी धावत घरात गेले. नानांची बॅग नाही, पासपोर्टाची कापडी पिशवी नाही. टीपॉयवर पोपटांचा टॉवेल आणि त्यावर नारळ.

सांगते, आमचे नाना जन्मात कधी जातो म्हणून घराबाहेर पडले नाहीत. जातो म्हणायचं नसतं, अशुभ. घरात कुणी नसेल तर ते देव्हाऱ्याला येतो म्हणून निघायचे, कुलूप लावून कुलपालाही म्हणायचे. भांडून निघाले तरी तोंडातून येतोच निघायचं. आणि मोर्टेनला मराठीतले मोजून अकरा शब्द येत होते, त्यातला एक येतो.

मी परत बाकापाशी आले आणि म्हणाले, ऊठ, ते निघून गेलेत.

"नाही. येतो म्हणाले."

"मोर्टेन, आमच्यात जाताना येतो म्हणतात."

"आणि खरंच परत येणार असतील तर?"

"तरी येतोच म्हणतात."

"आणि येणार नसतील तर?"

मी रिकाम्या रस्त्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "तरी येतोच."

"म्हणजे तुलाही माहीत नाही," तो म्हणाला.

मी त्याला बॅगेचं सांगितलं, पासपोर्टाचं सांगितलं, नारळाचा खरा अर्थ सांगितला. नारळाचं ऐकून तो पांढराफटक पडला. पण उठला नाही. म्हणाला, बस विमानतळाची नव्हती, उलट्या बाजूची होती. विमानतळावर जायचं असतं तर समोरच्या थांब्यावर उभे राहिले असते. हे खरं होतं आणि त्याचं कारणही साधं होतं. आपल्याकडे गाड्या रस्त्याच्या डाव्या अंगाने चालतात, तिथं उजव्या. नाना आपल्या सवयीने उभे राहिले असणार आणि बरोब्बर विरुद्ध दिशेच्या गाडीत चढले असणार. हे त्याला सांगितलं तर म्हणतो, तुझा अंदाज आहे तो, मला त्यांनी शब्द दिलाय. आणि ते आले आणि इथं कुणी नसलं तर?

मी त्याला नॉर्वेजियनमध्ये, इंग्रजीत आणि मराठीत शिव्या घातल्या. मराठीतल्या त्याच्या अकरा शब्दांत नव्हत्या. मग आत्याला गाडीत घातलं आणि विमानतळावर गेले.

तिथं नाना नव्हते. त्यांचं तिकीट दोन जानेवारीचं, ते तिथंच आठ दिवस बाकड्यावर बसून काढतील याची मला खात्री होती, म्हणून मी सगळी बाकडी पाहिली. मग पोलीसचौकी. पोलिसाने विचारलं, अंगावर काय कपडे? मी सांगितलं, स्वेटर, कोट, मफलर आणि लोकरीची कानटोपी. त्याने खिडकीतून बाहेर बघितलं. बाहेर माणसं आइस्क्रीम खात होती. त्याने पुन्हा विचारलं, आज? मी म्हटलं, आजच. त्याने ते लिहिलं आणि हळू आवाजात, घरात कुणाला वेडाचा वगैरे त्रास आहे का, असं विचारलं. मला रडायला आलं. आत्याला भाषा कळत नव्हती, पण तिने मला जवळ घेतलं आणि पोलिसाला मराठीत सांगितलं की भाऊ माझा शहाणा आहे, फक्त हट्टी आहे.

मी त्या चौकीत रडत होते ते नाना हरवले म्हणून नव्हतंच. सापडणार होते ते, एवढंसं बेट. मला कळून चुकलं होतं की सापडले तरी आता ते माझे नाहीत. एका घासलेल्या नारळापायी माझं माहेर गेलं.

चारला परत आलो, तर मोर्टेन बाकावरच.

आता त्याच्याबद्दल काय सांगू? तो माणूस दुधासारखा गोरा. सहा तास तो उघड्या डोक्याने त्या बाकावर बसला होता. कपाळ, नाक, कान, मान, सगळं भरताच्या वांग्यासारखं झालेलं, वरची साल सुटायच्या बेतात. ओठ फुटलेले. मी म्हटलं, निदान पाणी प्यायला तरी उठायचंस. तो म्हणाला, घर रस्त्याच्या त्या बाजूला आहे, तेवढ्यात गाडी आली असती तर? आत्याने तोंडाला पदर लावला. मी त्याचा दंड धरून ओढायला लागले, तो उठेना, आणि आमची ही झटापट चालू असताना एक जुनाट टेम्पो येऊन थांबला.

टेम्पोतून नाना उतरले. एका हातात बॅग, दुसऱ्या हातात केळ्यांच्या दोन फण्या. आत एक म्हातारा स्पॅनिश माणूस बसला होता, त्याने हात केला, नानांनी हात केला, टेम्पो गेला. मी पाहिलं तर नाना चक्क हसत होते.

मग कळलं ते असं. आपण चुकीच्या बसमध्ये बसलोय हे नानांना कळलंच नव्हतं. ते खिडकीतून बागा बघत होते आणि एका बागेत त्यांना एक झाड कललेलं दिसलं. घड भरलेला, वजनाने आडवा होत आलेला, आणि टेकू नाही. बस पुढच्या थांब्याला थांबली तसे नाना उतरले. म्हणाले, घड डोळ्यांदेखत मोडतोय आणि माणूस बसून राहील का? बागेत तो म्हातारा पाणी देत होता. सण असला तरी पाण्याची पाळी चुकत नसते. दोघांनी मिळून टेकू लावला. मग आणखी सात झाडांना लावला. मग भांडण झालं, केळीच्या बुंध्याशी फुटणारी पिलं किती ठेवायची यावरून, नाना मराठीत आणि तो स्पॅनिशमध्ये. मग त्या माणसाने हाताला धरून घरी नेलं आणि आपल्या पोरासोरांच्या पंगतीत बसवून जेवायला घातलं, खारट सालीचे बटाटे. पोटच्या पोरीच्या घरचं पाणी न पिणारे माझे वडील कुण्या परक्याच्या घरी दोनदा मागून जेवले. शेवटी घराच्या पत्त्याचा कागद त्याला दाखवला, त्याने आणून सोडलं. विमानतळाचं त्या सगळ्यात विसरलंच.

हे सगळं सांगता सांगता त्यांचं लक्ष बाकाकडे गेलं.

"हे इथं का बसलंय?" त्यांनी मला विचारलं.

"तुम्ही येतो म्हणालात," मी म्हणाले.

"अगं, निघताना माणूस तसंच म्हणतो."

"ते त्याला काय माहीत? त्याला वाटलं, तुम्ही शब्द दिलात."

"सकाळपासून?"

"दहापासून."

नानांनी बॅग खाली ठेवली, फण्या आत्याकडे दिल्या. एकतीस वर्षं त्यांनी केळीचे व्यवहार तोंडी केले होते. मंगळवारी येतो म्हणाले की मंगळवारी त्या बांधावर उभे, मग ताप असो की पाऊस. आणि सोसायटीतून चालत घरी आले त्या दिवशी त्या अख्ख्या सभेतला एक माणूस त्यांच्या मागे आला नव्हता, हे मला आत्याने पुष्कळ नंतर सांगितलं.

ते मोर्टेनपाशी गेले. त्याच्या कपाळाला पालथा हात लावून पाहिला, चटका बसला तसा काढला. मग नऊ दिवस झोपेतसुद्धा न उतरलेली कानटोपी त्यांनी डोक्यावरून ओढून काढली आणि दोन्ही हातांनी मोर्टेनच्या डोक्यात घातली. पार कानाखालीपर्यंत. बंद लावला.

"उठेल का तो?" नाना मला म्हणाले. "आलो म्हणावं."

ते चा तो झाला होता. मला तेवढंच ऐकू आलं.

त्या संध्याकाळी आत्याने मोर्टेनच्या तोंडाला दही फासलं आणि तो भुतासारखा खुर्चीत बसून राहिला. नानांनी टीपॉयवरचा नारळ उचलला, रिबीन सोडली, कानापाशी हलवून पाणी आहे का पाहिलं. मला विचारलं, शाल कुठं होती? मी म्हटलं, तो टॉवेलच शाल. नाना म्हणाले, "त्यावर पोपट आहेत." मी म्हटलं, तो बिचारा शाल शोधत चार दुकानं फिरला, तेवीस अंशात शाल कोण विकणार? नानांनी बागेच्या पायरीवर नारळ एका फटक्यात फोडला. खोबऱ्याचा पहिला तुकडा स्वतः खाल्ला, दुसरा मोर्टेनच्या हातावर ठेवला. आमच्या घरातला दोन वर्षांतला तो पहिला नारळ.

पण हाक नाही. पुढचे आठ दिवस नाना त्याच्या शेजारी बसायचे, त्याच्या स्टुलावर पाय ठेवायचे, त्याला बागेत नेऊन झाडं दाखवायचे, सगळं बोटाने. बोलायचं ते माझ्यामार्फत. मी स्वतःला समजावलं की उजू, हावरटपणा करू नये, एवढं झालं हेच पुष्कळ आहे. पण मनात होतंच.

दोन जानेवारी. विमानतळावर आत जायच्या दारापाशी आम्ही चौघं. आत्या मला कुरवाळून रडून घेऊन मोकळी झाली. मोर्टेनच्या नाकाची साल निघत होती आणि डोक्यात कानटोपी होती. आत्या म्हणाली, भाऊ, टोपी राहिली बघ. नाना म्हणाले, राहू दे, तिकडे लागेल.

मग नाना मोर्टेनसमोर उभे राहिले. निरोप घ्यायचा म्हणून तोंड उघडलं, "ये—" म्हणाले आणि थांबले. तोंड तसंच उघडं. मागे रांग वाढायला लागली. त्यांनी मला बाहीला धरून बाजूला घेतलं.

"उजू, याला येतो म्हटलं तर हा इथंच बसेल का गं?"

मी मोर्टेनकडे पाहिलं. त्याच्या हातात पाण्याची भरलेली बाटली होती. माझ्याच्याने खोटं बोलवेना. "सांगता येत नाही नाना. बसेल."

"आणि मला काही परत इतक्या लांब यायला जमायचं नाही."

"मग जातो म्हणा."

आत्या मागून म्हणाली, "थोबाड फोडीन उजू."

सत्तरीचा माणूस, उभा जन्म मराठी बोलण्यात गेलेला, आणि निघायला त्याच्याकडे शब्द नाही. नाना कोटाची बटणं लावत राहिले, सगळी लावून झाल्यावर वरचं पुन्हा काढून लावलं. मागचा माणूस खाकरला. मग नाना वळले, मोर्टेनपाशी गेले आणि दोन्ही हात जोडले.

"मोरेश्वरराव," ते म्हणाले, "तुम्ही या. अधिकात या, रावेरला."

ज्यांना माहीत नाही त्यांना सांगते, अधिक महिन्यात आपल्याकडे लेकीला आणि जावयाला जेवायला बोलावतात, अनारशांचं वाण देतात. आणि जावयाला अरे-तुरे करत नाहीत. तिथं, त्या परक्या विमानतळावर, मी भोकाड पसरलं. लाज-बीज काही वाटली नाही. मोर्टेन घाबरून विचारायला लागला की काय म्हणाले, काही चुकलं का माझं? मी मानेनेच नाही म्हटलं. आणि रडता रडताच डोक्यात हिशेब लागला की पुढचा अधिक ज्येष्ठ आहे.

"नाना," मी म्हटलं, "मे महिना येतो तो. शेहेचाळीस असतं."

"मग?" नाना म्हणाले. "ऊन आवडतं म्हणालीस ना त्यांना."

मी मोर्टेनला सांगितलं, ये म्हणतायत, आपल्या घरी ये. तो सरळ उभा राहिला, कानटोपीवरून हात फिरवला आणि स्वच्छ मराठीत म्हणाला, "येतो."

नाना मान हलवून आत गेले. तपासणीच्या यंत्रापलीकडे पोचून त्यांनी पट्टा कमरेला लावला, मागे वळून पाहिलं, आणि आम्ही अजून तिथंच उभे आहोत हे दिसल्यावर काचेतून दोन्ही हातांनी जोरजोरात खुणा करायला लागले. आत्या त्यांचा कोट ओढत होती तरी थांबेनात.

"काय म्हणतायत?" मोर्टेनने विचारलं.

"घरी जा म्हणतायत. उन्हात बसू नका."

"पण आपण तर आत आहोत," तो म्हणाला, आणि जवळच्या बाकावर जाऊन बसला.